डावा ढीग

शेंदूरजनाघाटात आंब्या बहाराची संत्री उतरू लागली, की व्यापारी बैलगाड्या नंतर ठरवत, आधी तानुबाईला ठरवत. बाई पन्नाशीची, अंगानं काटकुळी, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. माळ्याच्या घरात जन्मली आणि माळ्याच्याच घरात नांदायला आली, त्यामुळे फळाशी तिची ओळख माणसांच्या आधीची. वखारीत ती पोत्यावर मांडी घालून बसायची आणि समोरच्या राशीतलं एकेक संत्रं हातात घेऊन नुसतं तोलायची. जड लागलं तर उजवीकडं, हलकं लागलं तर डावीकडं. हलकं म्हणजे आतून कोरडं, नुसता चोथा. कापायचं नाही, दाबायचं नाही, कानाशी नेऊन वाजवायचं तर नाहीच. तसं करणाऱ्या बायांची ती भर वखारीत टर उडवायची.

उजवा ढीग पेट्यांत भरून नागपूरला जायचा, तिथून पुढं कुठंकुठं. बारा वर्षांत उजव्या ढिगातल्या फळाबद्दल एक तक्रार आली नव्हती, आणि याचा तिला भारी अभिमान. डावा ढीग आठवडी बाजारात टोपल्यांनी मातीमोल जायचा. तो कोण खातं, आतून कसा निघतो, हे कुणी कधी विचारलं नाही. तिनंही विचारलं नाही. तिचा एक नेम होता आणि नव्या बायांना तो ती दरडावून सांगायची, की डावीकडं गेलेलं फळ पुन्हा उजवीकडं आणायचं नाही. एकदा का मन मागं फिरलं, की हात बिघडतो.

हा नेम संत्र्यांपुरता राहिला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

मोसमात फळं घेऊन नागपूरला जाणाऱ्या तिच्या एकुलत्या एका मुलाचं, सहदेवचं, लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. सून जमुना मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यातली, भगवंतराव नावाच्या भाजीपाला पिकवणाऱ्या माळ्याची मुलगी. कामाला वाघ आणि बोलायला कमी. तिचं पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं. त्या भादव्यात तिला हिवतापानं धरलं होतं, तापानं अंगाची लाही व्हायची आणि चार चार गोधड्या घालूनही थंडी जायची नाही, त्यातच ते झालं. दुसऱ्या खेपेला दिवस राहिले, पुन्हा भादवा आला आणि पुन्हा तोच ताप आला. तेव्हा तानुबाईनं कुणाचं ऐकलं नाही. सुनेला मोटारीत घातलं आणि मोर्शीवरून थेट अमरावतीला बायकांच्या दवाखान्यात नेलं. सन एकोणीसशे अडतीस सालची ही गोष्ट. तेव्हा घाटातली सासू सुनेला पदरचे पैसे मोडून अमरावतीला नेते म्हणजे गावात चर्चाच व्हायची. तानुबाईनं नेलं. तिचं सुनेवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये.

दवाखान्यात लीलाबाई म्हणून डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी जमुनाला तपासलं, हिवतापावर कोयनेल दिलं आणि दंडातून थोडं रक्त काढून घेतलं. येणाऱ्या प्रत्येक गर्भार बाईचं रक्त काढून आपण नागपूरला तपासायला पाठवतो, पंधरा दिवसांनी या, असं त्या म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी सासूसुना परत गेल्या तर लीलाबाई आत एका अडलेल्या बाळंतिणीपाशी होत्या. खिडकीवर कंपाउंडर होता. त्यानं गठ्ठ्यातून जमुनाचा कागद काढला, वाचला, जमुनाकडं पाहिलं, मग तानुबाईकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून, पण बाकावरच्या सगळ्या बायांना ऐकू जाईल इतपतच खाली आणून, म्हणाला, "पॉझिटिव्ह आहे. रक्तात गरमीचा दोष दिसतो. बाईंना भेटल्याशिवाय जाऊ नका."

यातलं पहिलं तानुबाईला कळलं नाही. दुसरं कळलं. आणि ते कळल्यावर तिसरं तिच्या कानात शिरलंच नाही.

गरमी म्हणजे काय, हे वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नव्हतं. बाहेरख्याली माणसाचा रोग तो. पुरुषाला झाला तर लोक मिशीत हसायचे आणि बाईला झाला तर तिचं तोंड पाहायचे नाहीत. तानुबाईनं सुनेचं मनगट धरलं आणि तिला पायऱ्या उतरवून नेलं. मोटारीत जमुनानं दोनदा विचारलं की कागदात काय निघालं. तानुबाई खिडकीबाहेर बघत राहिली. बाजूला बसलेल्या पोरीचा पदर आपल्या अंगाला लागतो आहे हे तिला जाणवलं आणि ती जराशी सरकून बसली. ते सरकणं पुढं कितीतरी दिवस तिला आठवायचं, पण त्या दिवशी तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

घरी आल्यावर तिनं सहदेवला सांगितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो ओट्यावर बसला आणि एवढंच बोलला, की माय, तू म्हणशील तसं करू. बायकोनं फसवलेल्या माणसाचं दुःख ते, असं तानुबाईनं धरलं आणि तिचं काळीज लेकासाठी तुटलं. मग तिनं जमुनाला समोर बसवून तो शब्द सांगितला.

जमुनाला आधी समजलंच नाही. समजल्यावर ती रडली नाही. पोटावर हात ठेवून म्हणाली, "मी काईच केलं नाई, आत्याबाई. या लेकराची आण."

तानुबाईला क्षणभर वाटलं की पोर खरं बोलते आहे. पण मन मागं फिरलं की हात बिघडतो, हे तर तिचंच बोलणं. आणि इथं तर आपला साधा हात नव्हे, नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी यंत्रानं पारखलेलं रक्त. ते खोटं कसं असेल? चार दिवसांनी जमुना माहेरी गेली. बाळंतपणाला धाडली, असं गावात सांगितलं. पाचव्या महिन्यात बाळंतपणाला कुणी पोरीला धाडत नाही, एवढं गावाला कळतं. आठवड्याभरात वरूडहून एक बाई दुसऱ्या मुलीची सोयरीक घेऊन आली. सहदेव हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. दिवाळीनंतर बघू, असं तानुबाईनंच तिला सांगितलं.

दिवाळी झाली आणि वखारी भरल्या. त्या वर्षी खुशालराव नावाच्या व्यापाऱ्यानं आठ वर्षांच्या ऐन भरातल्या झाडांचा एक बाग घेतला होता आणि निवडायला तानुबाई होती. हा खुशालराव जरा वेगळा माणूस. टाकून द्यायची वस्तूही दोनदा उलटून बघायचा. त्याला तहसीलदाराच्या घरच्या लग्नात सरबताला रस द्यायचा होता. चांगली संत्री कशाला कापा, डाव्या ढिगातून जो काही थेंब निघेल तो काढू, म्हणून त्यानं डाव्या ढिगातलं एक मोठं टोपलं कापायला बसवलं. सहा डझन फळं होती. कापून झाल्यावर त्यानं तानुबाईला बोलावलं.

पाटावर फोडी पडल्या होत्या. अठरा फळं कोरडी निघाली होती. चोपन्न रसानं भरलेली होती.

तानुबाईनं एकेक फोड हातात घेऊन पाहिली. मग ती तडकली. कुणीतरी ढीग मिसळले असतील, तिनं सगळ्या बायांना दम दिला. ढीग कुणी मिसळले नव्हते. तिनं स्वतः दुसरं टोपलं ओढलं, कोयता घेतला आणि कापत सुटली. तेच. चारांतलं एक कोरडं आणि तीन चांगली. बारा वर्षांचा लौकिक त्या पाटावर रस होऊन वाहत होता आणि भोवती माश्या घोंघावत होत्या. तिला भर वखारीत रडू येईल असं वाटलं.

खुशालराव मात्र रागावला नव्हता. त्यानं सांगितलं, की मागच्या साली त्यानं घाटाखालचा एक जुना, मरायला टेकलेला बाग घेतला होता, तेव्हाही निवडायला तीच होती आणि तेव्हाही त्यानं गुपचूप डावा ढीग कापून पाहिला होता. त्यात शंभरात नव्वदांवर फळं कोरडी होती. "हात तुमचा तोच हाये, तानुबाई," तो म्हणाला. "बाग बदलला. जे आडातच नाई, ते पोहऱ्यात कुठून येईन?"

तिला ते पटलं नाही. हात एकच, तर निवड एकच निघायला हवी. दुपारी बाया भाकरी खायला गेल्या तेव्हा ती तिथंच बसून राहिली आणि संत्र्यांच्या बिया मांडून हिशेब करू लागली. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण शेकडा तिला चांगला मोजता यायचा.

या भरातल्या बागेत हजार फळांत कोरडी असून असून किती, तर वीस. त्यांतली अठरा तिचा हात बरोबर ओळखतो, दोन निसटतात. म्हणजे हात चांगलाच. पण उरलेली जी नऊशे ऐंशी चांगली फळं, त्यांतही एखादं सालीला पातळ असतं, एखादं आतून पोकळी धरतं, आणि रस असूनही हाताला हलकं लागतं. अशी शंभरात पाच-सहा. नऊशे ऐंशीत ती झाली चोपन्न. म्हणजे डावीकडं गेली बहात्तर आणि त्यांत खरी कोरडी अठराच. जुन्या बागेत हजारात चारशे कोरडी होती, म्हणून तिथं डावा ढीग कोरड्यांनीच भरला. हात तितकाच चांगला आणि तितकाच चुकणारा. आधी बागेत कोरडी किती होती, त्यावर सगळं होतं.

आणि ही चूक बारा वर्षं तिला दिसली नाही, कारण तिनं डावा ढीग कधी कापलाच नव्हता. उजव्याची तक्रार येत नाही म्हणून ती स्वतःला शहाणी समजत राहिली. सुक्याबरोबर ओलं जळत होतं आणि धूरसुद्धा तिला दिसला नाही.

बिया मांडता मांडता तिचा हात थांबला. जमुनाचा कागद तिला आठवला. फळ तरी कापून पाहता येतं, सून कशी कापून पाहायची?  ती उठली, खुशालरावाला उद्या येत नाही असं सांगितलं आणि तो का म्हणून विचारत असतानाच चालू लागली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं ती अमरावतीला पोचली. या खेपेला खिडकीकडं गेली नाही. लीलाबाईंच्या खोलीच्या दारातच बसली आणि शिपायानं दोनदा उठवूनही उठली नाही. शेवटी लीलाबाईंनीच तिला आत घेतलं.

"बाई, एकच इचारतो," तानुबाई म्हणाली. "ज्या बायाचे कागद तसे निघते, त्यायचा डावा ढीग तुमी कधी कापून पाह्यला काय?"

लीलाबाईंना काहीच उलगडलं नाही. मग तानुबाईनं त्यांना बिया, बाग, बहात्तर आणि अठरा सगळं सांगितलं, आणि शेवटी जमुनाचं नाव सांगितलं. लीलाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. जमुना कुठं आहे हे त्यांनी आधी विचारलं. तानुबाईनं सांगितलं. मला भेटल्याशिवाय जाऊ नका असा निरोप होता ना, असं त्यांनी हळूच विचारलं, आणि तानुबाईनं मान खाली घातली.

मग लीलाबाई बोलू लागल्या. ही तपासणी गरमीचे जंतू बघत नाही, त्या म्हणाल्या. रक्तात एक खूण उमटते, ती बघते. आणि ती खूण हिवतापानंही उमटते. ताप गेला की काही आठवड्यांनी आपोआप पुसली जाते. "तुमच्याच हिशेबानं सांगते. तुमच्यासारख्या घरांतून माझ्याकडं हजार बायका येतात असं धरा. त्यांत हा रोग खरोखर असतो फार तर दहाजणींना. तपासणी त्यांतल्या नऊजणींना पकडते. पण उरलेल्या नऊशे नव्वदांत, या तापाच्या दिवसांत, चाळीस-पंचेचाळीसजणींचा कागद उगाच तसा निघतो."

तानुबाई बोटांची पेरं मोजू लागली. पंचेचाळीस आणि नऊ, चोपन्न. त्यांत नऊ.

"सहात एक," ती म्हणाली. "मंग बाकीच्या पाच?"

"त्यांचं पुन्हा रक्त घ्यायचं असतं. ताप गेल्यावर." लीलाबाई खिडकीकडं बघत होत्या. "बहुतेकजणी परत येत नाहीत. घरी त्यांचं काय होतं, मला कळत नाही."

 तानुबाईला तिथंच लीलाबाईंचे पाय धरून सुनेला आणायला पळावंसं वाटत होतं, पण लीलाबाईंनी तिला थांबवलं. सहात एक हे हजार बायकांचं झालं, त्या म्हणाल्या; जमुना कोणत्या बागेतली हे अजून ठरायचं आहे. तिचा नवरा कसा आहे? नागपूरला फळं घेऊन जातो म्हणता, तिथं कुठं राहतो, कुणाकडं जातो? तो निर्मळ असेल तर हिशेब सहात एकाच्याही खाली येईल आणि नसेल तर वर जाईल. त्याचं रक्त तपासायला हवं. आणि विचारायचं तुम्हालाच आहे, कारण असा प्रश्न डॉक्टरांनी विचारला की पुरुष दुसऱ्या दिवसापासून दिसत नाहीत.

परतीच्या मोटारीत बसताना तानुबाईच्या डोळ्यांपुढं सहदेवचा तो पांढराफटक चेहरा आला. ती हबकली. दोन महिने तिनं ज्याला दुःख समजून पोटाशी धरलं होतं, त्याचा दुसराही अर्थ लागत होता, आणि एकदा लागल्यावर तो काही केल्या सुटेना.

सहदेव बागेत होता, झाडांच्या आळ्यांत पाणी वळवत होता. ती जाऊन बांधावर उभी राहिली. कसं विचारावं याची तिनं वाटेत हजार वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही तोंडात आलं नाही.

"नागपूरले जातं तवा तू बाईकडं गेलता काय?"

फावडं थांबलं. पाणी आळं भरून बाहेर वाहू लागलं तरी त्यानं बांध घातला नाही.

"माय, दोनदा," तो म्हणाला. "दोन सालांमांगच्या मोसमात, पयल्या लेकराच्या आंधी. माह्यासंगचे गाडीवाले घेऊन गेलते."

तानुबाईनं त्याच्याकडं पाहिलं. हाच तो, ज्याच्यासाठी तिचं काळीज तुटलं होतं. "आन् तिले घराबाहीर काढून राह्यलो होतो, तवा तुयं तोंड कुठं गेलतं?"

तो रडू लागला. कागदात तो शब्द निघाला तेव्हाच त्याला वाटलं होतं की हे आपलंच पाप. जमुनाला आपणच रोग दिला, आपलं मूल आपणच मारलं, असं तो रोज मनात म्हणत होता, आणि तरी तो गप्प राहिला, कारण बोललं असतं तर माय आपलं तोंड पाहणार नाही असं त्याला वाटलं. त्या बिचारीला तोंड दाबून बुक्क्यांचा मार आणि हा बघत उभा. तानुबाईला त्याला मारावंसं वाटलं आणि तिनं मारलंही. एक थप्पड, पूर्ण ताकदीनं, तीस वर्षांच्या लेकाला. मग त्याचं धोतर बदलवून दुसऱ्या दिवशी त्याला अमरावतीला नेलं.

लीलाबाईंनी त्याचं रक्त काढून घेतलं. अंगावर चट्टे, जखमा कधी उठल्या होत्या का, हे विचारलं. उठल्या नव्हत्या. हे चांगलं, पण पुरेसं नाही, असं त्या म्हणाल्या. आता जमुनाबद्दल सहात एक असं ठामपणानं म्हणता येणार नाही. रोगाचं पारडं थोडं जड झालं. किती जड, ते दोघांच्या कागदांशिवाय कळायचं नाही. रोग असलाच तर सुया टोचून औषध आहे, आणि मूल होण्याआधी सुरू केलं तर मूल वाचतं. म्हणून उशीर नको.

तानुबाईनं सहदेवला मोटारीत बसवून घरी धाडलं आणि स्वतः बडनेऱ्याला जाऊन मूर्तिजापूरचं तिकीट काढलं. घरून निघताना तिनं वेगळंच ठरवलं होतं. आधी कागद येऊ द्यावा, तो स्वच्छ निघाला की ताठ मानेनं सुनेला आणावं, झाली चूक म्हणावं, सगळ्यांची तोंडं बंद होतील. पण गाडीत बसल्यावर तिला तिच्या ताठ मानेचीच किळस आली. कागद वाईट निघाला तर काय, पोरीला तिथंच ठेवायचं? रोग असलाच तर तो आणला कुणी?

स्टेशनापासून दोन कोस चालून ती भगवंतरावांच्या मळ्यात पोचली तेव्हा जमुना विहिरीमागं, रस्त्यावरून दिसणार नाही अशा जागी, मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. सातवा महिना लागला होता. भगवंतराव समोर आले, पण या इहीणबाई म्हणाले नाहीत. त्यांनी कोरडेपणानं सांगितलं, की घाटातली बातमी इथवर येऊन पोचली आहे. पोरीला बाजारात बसवलं तर लोक भाजी घेत नाहीत, म्हणून ती मागं बसून जुड्या बांधते आणि कुणी बांधल्या ते आम्ही सांगत नाही. तानुबाईला विहिरीत उडी घ्यावी असं वाटलं. तिचा डावा ढीग हा असा इथं बसला होता.

ती जमुनासमोर जमिनीवर बसली. जमुनानं जुडी बांधणं थांबवलं नाही.

"कागद बदलला काय?" तिनं विचारलं.

"नाई. कागद तोच हाये."

"मंग काहून आल्या?"

"मी चुकली म्हणून आली."

मग तानुबाईनं सगळं सांगितलं, काही म्हणजे काही झाकलं नाही. हिवतापाचं सांगितलं, चोपन्नांतल्या नऊजणींचं सांगितलं, नागपूरचं सांगितलं. लेकाची लाज स्वतःच्या तोंडानं सांगताना तिचा आवाज फाटला. सहदेवचं ऐकताना जमुनाच्या हातातली मेथी तुटली.  भगवंतराव विहिरीच्या काठावर उभे राहून ऐकत होते आणि ते आता आपल्याला हाकलून देतील असं तानुबाईला वाटत होतं. हाकललं असतं तरी तिनं वाईट मानलं नसतं.

"तपासाले येतो," शेवटी जमुना म्हणाली. "माह्या लेकरासाठी. घराचं मंग पाहीन."

तिनं आत्याबाई म्हटलं नाही. तानुबाईच्या ते लक्षात आलं, आणि मागायला तोंड नव्हतं.

पुढच्या आठवड्यात भगवंतराव लेकीला घेऊन अमरावतीला आले. जमुनाचा ताप जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. पुन्हा रक्त काढलं, पुन्हा पंधरा दिवस. ते पंधरा दिवस तानुबाईनं वखारीत काढले. आता डाव्या ढिगातली डझनभर फळं कापून पाहिल्याशिवाय ती कुठल्याही बागेचं काम पुरं झालं असं म्हणत नसे. दुसरे व्यापारी कुरकुरत होते, फळं फुकट जातात म्हणत होते, आणि ती पुढचं फळ कापायला घेत होती. सहदेव घरात चोरासारखा वावरायचा. वरूडच्या बाईला तिनं दारातूनच परत पाठवलं होतं.

ठरल्या दिवशी सगळे दवाखान्यात जमले. सहदेवला आत यायचं धाडस झालं नाही, तो फाटकाबाहेर निंबाखाली उभा राहिला. जमुना बापाशेजारी बाकावर बसली आणि तिनं आपल्या व तानुबाईच्या मध्ये जराशी जागा मोकळी ठेवली. मोटारीत त्या दिवशी तानुबाई सरकली होती, तेवढीच. दोन्ही कागद नागपूरहून आले आहेत, एवढं शिपायानं सांगितलं होतं. रांगेत त्यांच्या पुढं एकच नाव होतं.

ती एक कोवळी, सोळा-सतरा वर्षांची पोर होती, पोट नुकतं दिसू लागलेलं, आणि सोबत नऊवारीतली जाडजूड सासू. कंपाउंडरला लीलाबाईंनी चांगलं फैलावर घेतलं असावं, कारण आता तो आधी बाईंना भेटून घ्या असं म्हणाला आणि मग कागद वाचला. त्यानं काही फरक पडला नाही. माणसाला तो एक शब्द तेवढा ऐकू येतो. सासूचा चेहरा बदलला. तिनं पोरीचं मनगट धरलं आणि ती पायऱ्या उतरू लागली. पोर मागं वळून, काय झालं, काय झालं, असं विचारत होती.

तानुबाई बघत राहिली.  आपणच तिथून चाललो आहोत असं तिला दिसत होतं.

"जमुना," कंपाउंडरनं खिडकीतून हाक मारली. "शेंदूरजनाघाट."

जमुना पोट सावरत उठली. पण खिडकीकडं गेली नाही. पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन तिनं खाली पाहिलं. एवढ्या पोटानं आपल्याला त्या दोघींना गाठता येणार नाही हे तिला कळलं, आणि ती वळली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "थांबवा त्यायले."

तानुबाई पदर खोचून धावली. फाटकाशी तिनं त्यांना गाठलं आणि काय बोलावं ते न सुचून त्या पोरीचं दुसरं मनगट धरलं. सासू तिच्यावर खेकसली, की तू कोण, सोड तिला. तानुबाईनं सोडलं नाही. मी शेंदूरजन्याची, संत्री निवडतो, असं ती धापा टाकत सांगू लागली. बाई, पाच मिनिटं बस, डॉक्टरीणबाईले भेटल्याबिगर घरी नेऊ नको हिले. निंबाखालून सहदेव आश्चर्यानं बघत होता. मागून जमुना एकेक पायरी जपून उतरत होती.

त्या सासूला आत नेऊन लीलाबाईंसमोर बसवायला बराच वेळ लागला. जमुनाचा कागद स्वच्छ निघाला होता आणि सहदेवचाही, पण हे तानुबाईला आणि जमुनाला अर्ध्या तासानंतर कळलं, कारण तोवर दोघींपैकी कुणीही खिडकीकडं गेलं नव्हतं.